काय म्हणालात?

जीपगाडीत बसून कुणी प्रेमात पडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ऐकिवात नाही, याचं कारणही जीपगाडीच असावी. दोन माणसं खेटून बसली आहेत, एक काहीतरी नाजूक सांगतो आहे आणि दुसरा कानामागे हात धरून "काय म्हणालात?" म्हणून ओरडतो आहे, या थाटात फार तर पिकाचा पंचनामा होऊ शकतो. आता तुम्ही लगेच 'आराधना' पुढे कराल. १९६९ साली राजेश खन्ना उघड्या जीपमध्ये गात होता आणि शेजारच्या छोट्या रेल्वेत शर्मिला टागोर ऐकत होती, हे मला मान्य आहे. पण शर्मिलाबाईंना तेव्हा सत्यजित राय यांच्या चित्रपटामुळे वेळ नव्हता, म्हणून त्यांचे शॉट मागाहून स्टुडिओत घेतले. जीप दार्जिलिंगला आणि ऐकणारी स्टुडिओत, एवढं अंतर असेल तर कुणाच्याही जीपमधून गाणं ऐकू येईल.

माझा जीपशी संबंध आला तो आमच्या मोठ्या मामांमुळे. मामा लोहाऱ्याला राहतात. लोहारा म्हणजे यवतमाळला लागून, दारव्हा रोडवरचं. आता ते इतकं लागून झालं आहे, की गाव कुठे संपलं आणि शहर कुठे लागलं हे फक्त जागेच्या भावावरून कळतं. जिल्ह्याच्या गावाची एमआयडीसीही इथेच. ज्या गावाच्या नावातच लोहार आहे त्याने ठणठणाटाची तक्रार कोणत्या तोंडाने करावी, हा प्रश्न आहेच. पण मामांच्या जीपबद्दल ती लोहाऱ्यानेही केली होती.

मामा एका सरकारी खात्यात पस्तीस वर्षं ड्रायव्हर होते आणि ती सगळी वर्षं जीपवर. नव्वदच्या दशकात खात्याने एक जीप निर्लेखित केली आणि लिलावात काढली. 'निर्लेखित' हा शब्द सरकारात आणि आमच्या बँकेत सारख्याच अर्थाने वापरतात: जे परत येण्याची आशा नाही ते. मामांनी ती जीप बोली लावून परत आणली.

आता जीप एवढा आवाज का करते? याचं उत्तर मिस्त्री देतो त्याहून जुनं आहे. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराने १३५ कंपन्यांना कळवलं, की आम्हाला चारही चाकांना जोर असलेली, पाव टन ओझं नेणारी गाडी हवी. पहिला नमुना ४९ दिवसांत हवा आणि गाडीचं वजन १३०० पौंडांवर जाता कामा नये. १३०० पौंड म्हणजे ५९० किलो. आमच्याकडचा एखादा धडधाकट रेडा काट्यावर एवढा भरेल. १३५ पैकी फक्त दोन कंपन्यांनी प्रतिसाद दिला. बाकीच्यांनी पत्र बहुधा टेंडरच्या फाइलला लावलं असावं. बँटम नावाच्या छोट्या, डबघाईला आलेल्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरला बोलावलं. त्याने दोन दिवसांत नकाशे काढले आणि २३ सप्टेंबरला, मुदत संपायला अर्धा तास उरला असताना, गाडी लष्कराच्या दारात उभी केली. कर्जाचा हप्ता भरणारे आमच्याकडेही याच वेळेला येतात.

वजनाची मर्यादा अर्थातच पाळली गेली नाही. ती पाळणं अशक्यच होतं. लष्कराने ती वाढवत २१६० पौंडांवर नेली. विलिस कंपनीचं इंजिन सगळ्यांत दणकट, ६० अश्वशक्तीचं. पण गाडी अडीचशे-एक पौंडांनी जड. विलिसचे मुख्य इंजिनिअर बार्नी रूस यांनी मग आख्खी गाडी खोलली आणि एकेक वस्तू तोलायला घेतली. बोल्ट गरजेपेक्षा लांब दिसला की काप. पत्रा जाड वाटला की पातळ कर. शेवटी रंगाचा हातसुद्धा वजनात धरला, आणि गाडी मर्यादेच्या आत बसली ती काही औंसांनी. आमच्या भागात कापूस मोजताना काटा मारतात, पण रंगाचं वजन कापणारा व्यापारी मी अजून पाहिलेला नाही.

माझ्या मते जीपचा सगळा गोंगाट त्या तराजूतून जन्माला आला. आवाजाला अडवायला वजन लागतं. जाड भिंतीपलीकडचं भांडण ऐकू येत नाही आणि कुडापलीकडचं शब्दशः ऐकू येतं, हे शेजारधर्म पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शास्त्र म्हणतं, आडोशाचं वजन दुप्पट केलं की पलीकडे जाणारा आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. रूससाहेबांनी जो प्रत्येक औंस काढला तो शांततेचा होता. लष्कराची काही तक्रार नव्हती. बाजूला तोफा चालू असताना गिअरबॉक्सची कुरकुर कोण ऐकतो? युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या. युद्ध थांबलं. गाड्या थांबल्या नाहीत.

आपल्याकडे जीप आली ती गाजावाजा करतच. १९४८ मध्ये लंडनमधले आपले हायकमिशनर कृष्ण मेनन यांनी लष्करासाठी जुन्या जीप घेण्याचा करार केला. आल्या १५५, आणि त्याही चालण्याच्या लायकीच्या नाहीत असं ठरलं. जगातल्या सर्वांत शांत जीप त्याच असाव्यात. आवाज झाला तो संसदेत, आणि १९५५ मध्ये सरकारने प्रकरण मिटल्याचं जाहीर करेपर्यंत तो चालू होता.

मुंबईत मात्र काम सरळ चाललं होतं. महिंद्र बंधू आणि गुलाम महंमद यांनी १९४५ मध्ये 'महिंद्र अँड महंमद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्र अँड महिंद्र' झाली. आद्याक्षरं तीच राहिली! स्टेशनरी वाया न घालवता एवढी मोठी घडामोड पचवल्याचं दुसरं उदाहरण, बी.कॉम.पर्यंतच्या माझ्या अभ्यासात तरी नव्हतं. या कंपनीने माझगावला विलिसच्या जीप सुट्या भागांतून जोडायला सुरुवात केली आणि पुढे त्या इथेच बनू लागल्या.

मग २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि जीप खेड्यात शिरली. आमच्याकडे 'ब्लॉकची जीप' हा शब्द अजून जुन्या माणसांच्या तोंडात आहे. खेड्यातल्या माणसाला सरकार दिसलं ते जीपच्या रूपात, म्हणजे आधी ऐकू आलं आणि मग धुळीतून दिसलं. या आवाजाचे उपकार कुणी नोंदवलेले नाहीत. जीपचा घुमारा दोन मैलांवरून यायचा. तेवढ्यात मास्तर पोरं गोळा करायचे, ग्रामसेवक दप्तर उघडून बसायचा आणि पटवारी मागच्या दाराने शेतात जायचा. साहेब येईपर्यंत योजना सुरळीत चालू झालेली असायची. जीप मुकी असती तर पंचवार्षिक योजनांचे अहवाल फार वेगळे लिहावे लागले असते.

तरी ती जीप पेट्रोलवरची होती. तिचा आवाज म्हणजे गिअरची शीळ, रानातल्या टायरांची डांबरी सडकेवरची भणभण आणि ताडपत्रीची फडफड. खरं संकट १९७३ मध्ये अरबस्तानातून आलं. काही महिन्यांत कच्च्या तेलाची किंमत चौपट झाली आणि पेट्रोलची जीप म्हणजे दारात हत्ती बांधण्यासारखं झालं. डिझेल स्वस्त. तेव्हापासून जिकडेतिकडे जीपच्या पोटात डिझेल इंजिनं जाऊ लागली. महिंद्रने ट्रॅक्टरसाठी अमेरिकन इंटरनॅशनल हार्वेस्टरशी १९६३ मध्येच भागी केली होती. त्या ट्रॅक्टरी घराण्यातलं इंजिन जीपमध्येही आलं. ऐंशीच्या दशकात फ्रेंच प्यूजोचं डिझेल इंजिन आलं, ते स्वभावाने जरा मवाळ.

डिझेल ठोकतं का, हे मला मिस्त्रीने एस.टी.च्या उदाहरणाने समजावलं. पेट्रोलला ठिणगी लागते आणि ते रांगेत पेटत जातं. डिझेलला ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत त्याचा फवारा सोडतात. ते क्षणभर थांबतं, साचतं आणि एकदम भडकतं. एस.टी. येईपर्यंत लोक झाडाखाली निवांत असतात आणि आली की सगळे एकाच दारातून शिरतात, तसं. ती धडक म्हणजे डिझेलचा ठोका. प्यूजोच्या इंजिनात ही झुंबड आधी एका बाजूच्या छोट्या खोलीत होते, म्हणून धक्का सौम्य. ट्रॅक्टरच्या इंजिनात ती थेट दिवाणखान्यात. (आमची शकुंतला, यवतमाळ-मूर्तिजापूर छोटी रेल्वे, मँचेस्टरच्या वाफेच्या इंजिनावर १९९४ पर्यंत चालली आणि मग तिलाही डिझेल लागलं. डिझेलने या जिल्ह्यात कुणालाच सोडलं नाही.)

मामांच्या जीपमध्ये असंच एका ट्रॅक्टरचं इंजिन बसवलेलं होतं. आर.टी.ओ.च्या पुस्तकात रीतसर नोंद होती. पण ट्रॅक्टरचं इंजिन हाच ट्रॅक्टरचा कणा असतो. ते सरळ बोल्टांनी आवळलेलं असतं, खाली रबर-बिबर काही नाही. ज्याने ते जीपमध्ये घातलं त्याने तीच रीत ठेवली आणि लोखंडी पट्ट्यांनी ते थेट चासीला जखडलं. इंजिन थरथरलं की चासी थरथरे, चासीबरोबर पत्रा, पत्र्याबरोबर मामा. त्यांच्या कवळीच्या डब्यालाही जीपमधून उतरल्यावर थोडा वेळ कंप असायचा.

गंमत इथपर्यंत होती. मामा निवृत्त झाले आणि हळूहळू लक्षात आलं की ते भलतीच उत्तरं देतात. मोठ्याने बोललं की चिडायचे. "कायले ओरडतं रे? मी बहिरा आहो काय?" आणि खरोखरच ते बहिरे नव्हते. बैलाची घंटा, भजनातला मृदंग, गिअरबॉक्सची गुरगुर सगळं त्यांना स्वच्छ ऐकू यायचं. शेवटी मामींनी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. कानाच्या तपासणीचा आलेख मी पाहिला. शेअर बाजाराचा असता तर मी तो ताबडतोब दडवला असता. सरळ चाललेली रेघ ४००० हर्ट्झच्या आसपास विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती. गोंगाटात वर्षं काढलेल्या कानाची हीच खूण असते, म्हणाले डॉक्टर. गेलेलं परत येत नाही. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात आणि स, श, फ अशी व्यंजनं त्या वरच्या पट्टीत. म्हणजे मामींनी "साखर संपली" म्हटलं की मामांपर्यंत पोचायचं "आ-अर अं-अई". निवृत्तीनंतर दोघं निवांत बोलणार होती. पस्तीस वर्षं मामा दौऱ्यावर होते. बोलणी साचलेली होती.

डॉक्टर म्हणाले, गाडी काढून टाका. मामा म्हणाले, कान गेला तं जाऊ द्या, गाडी नाही जात. मामींनी तोड काढली: गाडी राहील, आवाज जाईल. इथून पुढे त्या जीपचं वजन वाढायला सुरुवात झाली.

पहिला उपाय कापसाचा. यवतमाळ जिल्ह्यात दुसरं काय सुचणार? मामांनी जुन्या गाद्या फाडून पायाखाली, सीटमागे, बॉनेटच्या आत कापूस ठासला. कल्पना अगदीच गावठी नव्हती. मोटारींच्या गालिच्याखाली चिंध्या पिंजून केलेला नमदा वर्षानुवर्षं घालतात, आणि अमेरिकेत जुन्या जीन्स पिंजून घराच्या भिंतींत भरतात. जीन्सचं कापड तर आमच्या एमआयडीसीतच विणलं जातं. पण कापूस शोषतो तो वरवरचा, किनरा आवाज. इंजिनाच्या ढमढमीला तो दाद देत नाही. पावसाळ्यात मात्र त्याने पाणी चोख शोषलं, पत्रा गंजवला आणि दिवाळीपर्यंत उंदरांच्या दोन पिढ्या वाढवल्या. बॉनेटमधला कापूस सायलेन्सरच्या पाइपला लागून धुमसला, तेव्हा मामींनीच तो उपसून फेकला.

दुसरा उपाय डांबराचा. छपराच्या गळतीला लावतात त्या डांबरी पट्ट्या मामांनी पत्र्याला चिकटवल्या. ढण्ण वाजणारा पत्रा एकदम ठप्प वाजू लागला. इथे मला आमच्या जमातीतल्या एका थोर माणसाची आठवण येते. सर चंद्रशेखर व्यंकट रामन हे १९०७ ते १९१७ अशी दहा वर्षं सरकारच्या हिशेबखात्यात होते आणि १९१० मध्ये काही काळ इथे नागपूरलाच होते. आकडेमोडीतला हा माणूस सवड काढून वाद्यांच्या मागे लागला आणि १९२० मध्ये त्याने दाखवून दिलं, की तबल्या-मृदंगाच्या कातड्यावर मधोमध जी शाई असते तिच्या वजनामुळे त्या कातड्याचा गोंगाट सुरात येतो. जीपचा पत्राही कातड्यासारखा ताणलेला. फरक इतकाच की शाई आवाजाला वळण लावते आणि डांबर त्याचा जीव घेतं. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी: सगळं झाकावं लागत नाही. पत्र्याच्या मधल्या पाव-अर्ध्या भागावर पट्टी बसली तरी बहुतेक काम होतं. मामांनी सगळा पत्रा मढवला होता. वैशाखात, पंचेचाळीसच्या उन्हात, जादा डांबर पाघळून मामींच्या लुगड्याला लागलं.

आणि एवढं करून गाडी पहिल्यासारखीच ओरडत होती. मग मामांनी एका म्हाताऱ्या मिस्त्रीला आणलं. त्याने बॉनेटकडे पाहिलंसुद्धा नाही. दुपारी गाडीखाली दिवा लावला, आत बसून ताडपत्री ओढून घेतली आणि अंधारात उजेडाचे ठिपके मोजले. गिअरचा दांडा एक, चारचाकी जोराचे दोन, ब्रेक-क्लचचे पाय, स्टिअरिंगचा दांडा, फरशीतलं पाणी जायचं भोक. प्रत्येक ठिकाणचं रबर केव्हाच झडून गेलं होतं. "मामा, तुमी भिंत बांधून राह्यले अन् दार उघडंच हाये," तो म्हणाला.

हे मला चटकन पटलं, कारण हा शुद्ध तिजोरीचा हिशेब आहे. आडोशात शंभरातला एक भाग उघडा असेल, तर उरलेले नव्याण्णव देवगिरीच्या तटाचे असले तरी वीस डेसिबलच्या वर आवाज अडत नाही. डेसिबलचं गणितच विक्षिप्त. (ग्रॅहम बेलच्या नावावरून १९२० च्या दशकात हे माप आलं. बेलची आई आणि बायको दोघीही ऐकू न येणाऱ्या होत्या, हे मामींना सांगितल्यावर त्यांना बेलबद्दल आपुलकी वाटू लागली.) दोन सारखे आवाज असतील आणि त्यांतला एक पूर्ण बंद केला, तर फक्त तीन डेसिबल कमी होतात. पन्नास टक्के खर्च कापून काहीच शिल्लक पडत नाही, अशी ही बजेटं. म्हणून सगळ्यांत मोठ्या देणेकऱ्याला आधी धरायचं. मिस्त्रीने भोकांना रबरी बूट घातले, लोखंडी पट्ट्या काढून इंजिनाखाली रबराची माउंटिंग दिली, सायलेन्सरचं फुटलेलं गॅस्केट बदललं, प्रोपेलर शाफ्टचा खिळखिळा क्रॉस नवा टाकला आणि रानातले टायर काढून सडकेचे चढवले. डांबर निम्मं खरवडून काढलं.

मोबाइलवरच्या मापाने, ताशी पन्नासला, आधी ९७ यायचे. आता ८८ आले. नऊच कमी, म्हणून मामा नाराज झाले. मी त्यांना व्याजाचं कोष्टक करून दाखवलं. निऑश ही अमेरिकन संस्था म्हणते, कानाला ८५ डेसिबल दिवसाला आठ तास चालतात आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ ला चार तास. ९१ ला दोन. ९७ ला फक्त अर्धा. म्हणजे आधी लोहाऱ्याहून निघालं की दारव्हा येण्यापूर्वीच कानाची त्या दिवसाची मर्यादा संपायची आणि पुढचा सगळा प्रवास ओव्हरड्राफ्टवर. हा ओव्हरड्राफ्ट कधी फिटत नाही, तारण जप्तच होतं. आता एका मर्यादेत नागपूर गाठता येतं. मामांनी कोष्टक दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे तवा काऊन नाही सांगतलं कोनी?" तेव्हा म्हणजे १९७५ ला, ते नोकरीला लागले तेव्हा. याचं उत्तर कॉमर्समध्ये नाही.

नव्या थारमध्ये मी त्यांना एकदा बसवलं. काचा वर, गाडी ऐंशीवर. दहा मिनिटं ते गप्प बसले आणि म्हणाले, "इंजिन चालू हाये का?" तो प्रश्न कानांचा होता की थट्टेचा, हे मला ठरवता आलं नाही.

त्यांच्या स्वतःच्या जीपमध्ये मात्र नवीनच कारभार सुरू झाला आहे. मोठा आवाज खाली गेल्यावर त्याच्याखाली दडलेले बारीक आवाज वर आले. डॅशबोर्डची कुरकुर, स्प्रिंगच्या शॅकलचं करकर, कुठेतरी किणकिण. हे सगळे नेमके त्या पट्टीतले, जी मामांच्या आलेखात विहिरीत गेली आहे. ते मामींना ऐकू येतात. त्यामुळे मामी आता मागे बसत नाहीत, पुढे बसतात. गाडी मामा चालवतात आणि ऐकतात मामी. मिस्त्रीही आता गाडीत काय बिघडलं ते मामींनाच विचारतो.

मागच्या महिन्यात आम्ही तिघं दारव्ह्याहून येत होतो. मामींनी बोलता बोलता हात वर केला.

"अवो, मांगच्या चाकात टिकटिक करून राह्यलं काहीतरी. डाव्या हातच्या."

"मले तं काही आयकू नाही येत," मामा म्हणाले.

"तुमाले कसं येईन? थांबवा."

मामांनी गाडी बाजूला घेतली. मी पाना घेऊन उतरलो. डाव्या बाजूच्या मागच्या चाकाचे पाच नट. त्यांतले दोन हाताने फिरत होते.